लसणाचं पाणी, त्रिकोणी डोकं आणि नाजा २००

मिरग लागला की गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज पुन्हा उगवतो. शब्द थोडे बदलतात, गाभा तोच. कंपाउंडच्या कडेने लसूण-हिंगाचं पाणी नाहीतर कार्बोलिक ॲसिड शिंपडा आणि सर्पगंधा लावा, म्हणजे साप परसात फिरकणार नाही. त्रिकोणी डोक्याचा साप तेवढा विषारी, बाकीच्यांना घाबरू नका. चावलाच तर वरच्या बाजूला दोरी घट्ट आवळा, होमिओपॅथीची नाजा २०० जिभेवर घाला, आणि साप मारून डॉक्टरला दाखवायला न्या. शेवटी, ‘सगळ्यांना पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.’ हे वाचून तसंच वागलं तर जीव जाण्याचीच शक्यता जास्त, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी वासाचं. सापाला वास उत्तम कळतो, हे खरं. दुभंगलेल्या जिभेने तो हवेतले आणि जमिनीवरचे कण टिपतो, टाळूतल्या इंद्रियापर्यंत नेतो आणि त्यावर उंदराचा माग काढतो. पण वास कळला म्हणून तो वाट सोडतो असं नाही. लसूण, हिंग, फिनाइल, डांबराच्या गोळ्या, यातल्या कशानेही साप भरवशाने लांब राहिल्याचा पुरावा नाही. त्यात आपल्याकडे वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस. शिंपडलेलं पाणी संध्याकाळपर्यंतही टिकायचं नाही. कार्बोलिक ॲसिड तर कातडी भाजतं, आणि कित्येक घरांची बांय, म्हणजे विहीर, परसातच असते. सापाच्या भीतीने आपणच आपल्या पिण्याच्या पाण्याशेजारी विष ओतायचं, हा कसला शहाणपणा?

सर्पगंधेच्या मुळांपासून रक्तदाबावरचं औषध निघतं. झाड हवं तर जरूर लावा, पण साप त्याच्या बुडाशीही खुशाल बसेल.

या उपायांचा खरा तोटा असा की ते केले की माणूस निश्चिंत होतो आणि मागीलदारची रास तशीच राहते. साप आपल्याकडे येतो तो उंदीर-बेडकांसाठी आणि लपायला जागा मिळते म्हणून. आपल्या परसात या दोन्हींची चंगळ असते. भिंतीला टेकून माडाच्या चुडतांचा ढीग, त्याच्या बाजूला सोडणां (नारळाची सालं), गेल्या वर्षी घर शाकारताना उरलेली कौलं, सांधे उघडे पडलेला चिऱ्यांचा गडगा. शिवाय रात्री कुत्र्याची भाताची थाळी बाल्कांवात (ओसरीवर) तशीच. त्या भाताला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. तेव्हा लाकडं आणि सोडणां भिंतीपासून दूर, जमिनीपासून थोडी उंच ठेवावीत. गडग्याच्या फटी सिमेंटने बुजवाव्यात, न्हाणीच्या मोरीला जाळी लावावी. ढिगात थेट हात घालू नये, आधी काठीने हलवावं. रात्री पंप सुरू करायला जाताना टॉर्च आणि पायात काहीतरी बंद हवं; ‘दोन पावलांवर तर आहे’ म्हणून अनवाणी जाणारेच जास्त. पावसाच्या सुरुवातीला पिल्लंही असतात. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, एका वेळी वीस-तीससुद्धा. आणि ते वीतभर पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असतं.

आता त्रिकोणी डोकं. मेसेजमधली सर्वांत घातक ओळ हीच. घोणस आणि फुरसं यांचं डोकं त्रिकोणी असतं, कबूल. पण नाग आणि मण्यार यांचं नसतं, आणि या दोघांच्या विषाने श्वास थांबतो. उलट बिनविषारी दिवड चिडली की डोकं चपटं करून त्रिकोणी दाखवते. म्हणजे या नियमाने दिवड मारली जाईल आणि मण्यारीला ‘निरुपद्रवी’ म्हणून हात लावला जाईल. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत भलेभले फसतात. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक होत जातात, कवड्याचे मानेजवळ ठळक असतात आणि मागे विरतात. पण रात्री टॉर्चच्या उजेडात, घाबरलेल्या माणसाने हे पट्टे तपासत बसू नये. लांब राहावं, साप कुठे जातो त्यावर नजर ठेवावी आणि वन खात्याला किंवा सर्पमित्राला बोलवावं.

मण्यारीबद्दल एक जास्तीचं. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. त्या वेळी खूण शोधत बसण्यात वेळ घालवू नये. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपलं तर ही मण्यार बाहेरच राहते. साध्या मच्छरदाणीची ही किंमत कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसते.

दोरीचं काय? आवळलेल्या दोरीने रक्तपुरवठा तुटतो. घोणस-फुरशाच्या विषाने आधीच सुजणारा पाय त्यामुळे जास्त नासतो, आणि दोरी एकदम सोडली की अडकलेलं विष झटक्यात शरीरभर जातं. कुणी बांधलीच असेल तर घरी सोडू नका, इस्पितळात सोडू द्या. कापणं, चोखणं, बर्फ लावणं, सगळं वर्ज्य. अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, हाडमोडीला बांधतात तशी फळी बांधून तो अवयव स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये आणि १०८ ला फोन करावा.

नाजा २०० ने ‘गुण आला’ असे किस्से तुम्हीही ऐकले असतील. त्याचं कारण साधं आहे. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कित्येकदा विष न सोडताच चावतो. अशा माणसाला साखरपाणी दिलं तरी तो बरा होतो. विष खरंच भिनलं असेल तर शिरेतून दिलेलं प्रतिविष हाच इलाज, आणि मुलालाही त्याचा डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो. कारण विष वजन बघून सोडलेलं नसतं.

राहिला साप मारून न्यायचा मुद्दा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे. डॉक्टर लक्षणं बघतात, काचेच्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटांत गोठतं का ते बघतात आणि ठरवतात. अडचण येते ती चापड्याच्या बाबतीत. काजूच्या बागेत सुकलेल्या पानांत बसणारा, नाकाचं टोक वर उचललेला छोटा चापडा, किंवा चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान काढताना झुडपात दिसणारा हिरवा चापडा, यांच्यावर हे प्रतिविष बनवलेलं नाही. तिथे सापाची ओळख उपयोगी पडते, पण त्यासाठी लांबून काढलेला फोटो पुरतो. मारायला गेलात तर दुसरा दंश होतो. तोडलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा होतो तो वेगळाच. डॉक्टरला साप नसला तरी चालतं. किती वाजता चावला आणि तेव्हापासून काय काय होत गेलं, ते मात्र सोबतच्या माणसाने नीट सांगायला हवं.