'टेनेरे बिघडवली' या दाव्यातला एकेक मुद्दा

यामाहाने २०२५ साठी टेनेरे ७०० ही कच्च्या वाटांवरही चालणारी ॲडव्हेंचर बाइक बदलली आणि तेव्हापासून रायडर मंडळींमध्ये एक दावा जोरात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: जुनी टेनेरे साधी, दणकट आणि कुठेही दुरुस्त होणारी होती. नवीत वजन वाढवलं, थ्रॉटलची (ॲक्सिलरेटरची) केबल काढून इलेक्ट्रॉनिक कारभार घातला, नवशिक्यांसाठी ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू लागलं की ताकद कमी करणारी व्यवस्था) दिला, ताकद मात्र तेवढीच ठेवली. टेनेरेचा आत्मा गेला, तेव्हा जुनीच शोधून घ्या.

जुनी टेनेरे मला मनापासून आवडते. त्या गाडीबद्दल लोक हळवे होतात ते मला समजतं. पण या दाव्यावर विसंबून माणसं आता खरेदीचे निर्णय घेऊ लागली आहेत. माझ्या ओळखीतल्या एकाने नवी घ्यायचं ठरवलेलं असताना ऐनवेळी जुनी घेतली. तो स्वतः पंचाण्णव किलोचा, प्रवासात बायको मागे, शिवाय दोन पेट्या. त्याच्यासाठी हा सल्ला चुकीचा होता. का, ते पुढे येईलच.

आधी वजन. पेट्रोल-ऑइल भरून जुनी साधारण २०५ किलो होती, नवी २०८ किलो आहे. वाढ खरी आहे, तीन किलोंची. चिखलात आडवी झालेली गाडी उचलताना हे तीन किलो उचलावे लागणारच, ते कुठे जात नाहीत. पण तीन किलो म्हणजे किती? चार लिटर पेट्रोल. दोन्ही गाड्यांची टाकी १६ लिटरची आहे, म्हणजे टाकी भरलेली असताना आणि पाव टाकी उरलेली असताना याच गाडीच्या वजनात नऊ किलोंचा फरक पडतो. जुनी टेनेरे चालवलेल्या कुणालाही विचारा, भरल्या टाकीने ती हळू वेगात, अरुंद वळणावर डोकंजड वाटते की नाही. ही त्या गाडीबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार आहे, आणि ती एकूण वजनाबद्दल कधीच नव्हती. वजन किती वर बसलंय याबद्दल होती.

नव्या गाडीत टाकी पुढे आणि खाली सरकवली आहे आणि सीट सपाट केली आहे. त्यामुळे रायडरला पुढे सरकून बसता येतं, उभं राहून चालवताना गुडघ्यांमध्ये टाकी नीट धरता येते, आणि पुढच्या चाकावर भार येतो. सुट्या खडीवर पुढचं चाक हलकं पडलं की ते वळायचं सोडून सरळ घसरत जातं. तिथे हा भार लागतो. तीन किलो वाढले म्हणून नाक मुरडणाऱ्याने निदान या दुसऱ्या बदलाचा उल्लेख तरी करायला हवा होता.

आणि अपडेट म्हणजे वजन वाढणारच, हे गृहीतकही खरं नाही. बीएमडब्ल्यूने २०२४ साठी एफ ८५० जीएस बदलून एफ ९०० जीएस आणली. इंजिन मोठं झालं, ताकद ९५ वरून १०५ अश्वशक्तीवर गेली आणि गाडी तब्बल १४ किलोंनी उतरली. पत्र्याच्या टाकीऐवजी प्लॅस्टिकची टाकी आल्याने त्यातले साडेचार किलो कमी झाले. हे सगळं भरपूर इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या गाडीत झालं.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर लोक सगळ्यात जास्त चिडलेले आहेत: थ्रॉटलची केबल. दावा असा की केबल तुटली तर रस्त्याकडेला बदलता येते, पण राइड-बाय-वायर, म्हणजे केबलऐवजी सेन्सर आणि मोटरने चालणारा थ्रॉटल, आडरानात बंद पडलं की खेळ खलास.

यातला अर्धा भाग बरोबर आहे आणि तो मी मान्य करतो. राइड-बाय-वायरचा सेन्सर किंवा थ्रॉटल बॉडीची मोटर खरोखरच गेली, तर पाना-पक्कडीने ती दुरुस्त होत नाही. पण 'जुनी कुठेही दुरुस्त होते' हा भाग कधीच खरा नव्हता. जुन्या टेनेरेतही फ्युएल इंजेक्शन आहे, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) आहे, टाकीतला इलेक्ट्रिक पंप आहे, क्रँकचा (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचा) सेन्सर आहे, गाडी आडवी पडली की इंजिन बंद करणारा सेन्सर आहे, ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएसचं युनिट आहे. पंप किंवा क्रँक सेन्सर गेला, तर थ्रॉटलची केबल कितीही धडधाकट असली तरी गाडी जागची हलणार नाही. ज्या दिवशी कार्ब्युरेटर गेला त्याच दिवशी आपण इलेक्ट्रॉनिक्सवर विश्वास टाकून प्रवासाला निघायला लागलो. एका केबलने त्यात फारसा फरक पडत नाही.

शिवाय ही व्यवस्था काम कशी करते तेही बघायला हवं. मूठ किती पिळली याचा संदेश एका तारेवर सोडून दिलेला नसतो. दोन स्वतंत्र सिग्नल ईसीयूकडे जातात आणि तो त्यांची सतत पडताळणी करतो. दोन्ही जुळले नाहीत तर तो इंजिन जपून, कमी ताकदीवर चालवतो किंवा बंद करतो. यामाहाची ही प्रणाली नवखी नाही. २००६ च्या वायझेडएफ-आर६ मध्ये ती पहिल्यांदा आली, आणि ते इंजिन टेनेरेपेक्षा कितीतरी जास्त आरपीएमवर फिरायचं. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी ती टेनेरेत आली आहे.

केबलही बिघडते, हे मात्र लोक सोयीने विसरतात. माझ्या आधीच्या एक सिलिंडरच्या बाइकची थ्रॉटल केबल हँडलजवळच्या वळणावर आतून उसवली होती. बाहेरून काही दिसत नव्हतं. एका लांब उतारावर मूठ सोडली तरी इंजिन खाली येईना. क्लच दाबून किल-स्विच (इंजिन बंद करणारं बटण) मारला म्हणून निभावलं. या एका प्रसंगावरून केबल धोकादायक ठरत नाही, तसं मी म्हणणारही नाही. पण केबल म्हणजे बिनघोर, असं कुणी म्हटलं की मला तो उतार आठवतो.

प्रवासात बाइक खरंच कशाने अडतात, हे लांबच्या वाटा केलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पंक्चर, बॅटरीचं सैल झालेलं टर्मिनल, पडल्यावर तुटलेली क्लचची लिव्हर, वाकलेला गिअर लिव्हर, रेडिएटरला बसलेला दगड, पाणी मिसळलेलं पेट्रोल. या सगळ्यांवरचे उपाय जुन्या आणि नव्या टेनेरेत अगदी एकच आहेत. क्लच नव्या गाडीतही केबलचाच आहे. व्हॉल्व्ह तपासणीही साधारण चाळीस हजार किलोमीटरला एकदाच करायची आहे. ज्या दणकटपणासाठी लोक ही गाडी घेत होते तो या इंजिनात आहे, आणि इंजिन तेच आहे.

'आत्मा गेला' म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. टेनेरे हे नाव सहारातल्या वाळवंटाचं. १९७९ आणि १९८० ची पॅरिस-डाकार ही वाळवंटातली शर्यत सिरिल नेव्हू याने यामाहाच्या एक्सटी ५०० वर जिंकली, आणि त्या वातावरणातून १९८३ मध्ये एक्सटी ६००झेड टेनेरे आली. तिला किक होती. १९८६ मध्ये तिला बटण-स्टार्ट मिळाला. २००८ च्या एक्सटी ६६०झेड मध्ये इंजेक्शन आलं. २०१९ च्या टेनेरे ७०० मध्ये एकाऐवजी दोन सिलिंडर आले. आज जिला 'मूळ' म्हणून डोक्यावर घेतलं जातंय, ती स्वतः अशा तीन-चार बदलांनंतर जन्मलेली गाडी आहे.

ट्रॅक्शन कंट्रोल नवशिक्यांसाठी असतो, या म्हणण्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. मोटोजीपी या सर्वोच्च शर्यतीच्या गाड्यांवर तो असतो. टेनेरेत तो बंद करता येतो आणि वाळूत, चिखलात, चढावर तो बंदच ठेवावा, कारण तिथे मागचं चाक फिरत राहणं आवश्यक असतं. पण ही गाडी घेणारे बहुतेक लोक ऐंशी टक्के अंतर डांबरावरूनच कापतात, असा माझा अंदाज आहे. पावसात, थकलेल्या अवस्थेत, संध्याकाळी सहाला, रंगवलेल्या पट्ट्यावरून वळण घेताना मागे सामान लादलेलं असतं. तिथे तो मदतीला आला तर त्यात कमीपणा कसला? एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी: ट्रॅक्शन कंट्रोलसाठी केबल काढावीच लागते असं नाही. सुझुकीने २०१७ च्या व्ही-स्ट्रॉम ६५० मध्ये केबलचा थ्रॉटल ठेवूनही तो दिला होता. तेव्हा यामाहाला केबल टिकवता आली असती, एवढी टीका रास्त आहे.

'ताकद तेवढीच, म्हणजे काहीच बदललं नाही.' हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण गाडीतला सर्वांत महत्त्वाचा बदल त्याने झाकला जातो.

आकडे तेच आहेत हे खरं. ६८९ सीसी, ७३ अश्वशक्ती, ६५०० आरपीएमवर ६८ न्यूटन मीटर टॉर्क. २७० अंशांच्या क्रँकमुळे दोन सिलिंडरचे ठोके असमान अंतराने पडतात, अगदी ९० अंशांच्या व्ही-ट्विनसारखे (व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनासारखे). त्यामुळे सैल जमिनीवर मागच्या चाकाची पकड हाताला समजते. या इंजिनाला जास्त ताकदीची गरज होती असं मला कधीच वाटलं नाही. गरज सस्पेन्शनला होती.

मूळ टेनेरे ७०० च्या पुढच्या फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या नळ्यांना) कॉम्प्रेशन आणि रिबाउंडचं, म्हणजे दबण्याच्या आणि परत वर येण्याच्या वेगाचं, ॲडजस्टमेंट होतं, प्रीलोडचं नव्हतं. वाचताना क्षुल्लक वाटतं. पण प्रीलोड म्हणजे स्प्रिंगला आधीच किती दाबून ठेवायचं ते. रायडर बसल्यावर गाडी किती खाली बसते, म्हणजे तिचा सॅग, तो त्यावर ठरतो. साठ किलोचा आणि पंचाण्णव किलोचा रायडर एकाच सेटिंगवर बसले, तर पहिल्याची गाडी उंच आणि ताठ राहणार, दुसऱ्याची आधीच अर्धी दबलेली असणार. मग ब्रेक मारला की पुढचं टोक खोल बुडतं, फोर्कचा प्रवास उरत नाही आणि नेमका त्याच वेळी खड्डा आला तर तो थेट मनगटात जातो. जुन्या टेनेरेची पुढून बुडण्याची सवय याच कारणाने प्रसिद्ध होती. मागे प्रीलोडचा नॉब होता, त्यामुळे सामान लादल्यावर मागची बाजू वर आणता यायची, पण पुढचं तसंच राहायचं. दोन टोकांचा मेळ बसला नाही की स्टिअरिंगचा कोन बदलतो आणि गाडी वेगात अस्वस्थ होते किंवा वळायला आळस करते.

नव्या गाडीच्या ४३ मिमी फोर्कला प्रीलोडचंही ॲडजस्टमेंट आहे. प्रवास पूर्वीइतकाच, पुढे २१० मिमी आणि मागे २००. फोर्कच्या माथ्यावर एक नट फिरवायचा, टेपने सॅग मोजायचा, पुन्हा फिरवायचा. दहा मिनिटांचं काम. माझ्या त्या पंचाण्णव किलोच्या मित्राला नव्या गाडीतली हीच एक गोष्ट सगळ्यात उपयोगाची होती. त्याला ती कुणी सांगितलीच नाही. त्याला फक्त तीन किलो आणि केबल एवढंच सांगितलं गेलं.

बाकी किरकोळ मुद्दे पटकन. मोठा टीएफटी (रंगीत डिजिटल) स्क्रीन पडल्यावर फुटेल म्हणतात. फुटू शकतो. पण २०२३ च्या मॉडेलवरच टीएफटी आला होता, म्हणजे 'जुनी घ्या' म्हणणाऱ्यांच्या जुनीतही तो आहे. २०२५ च्या गाडीतही ट्यूबलेस चाकं नाहीत, हे बरोबर. मलाही ती हवी होती, कारण ट्यूबचं पंक्चर काढायला चाक खोलावंच लागतं. पण जुनीतही ट्यूबच आहे, म्हणून जुनी घेण्याचं ते कारण होत नाही. सीटची उंची ८७५ मिमी आहे, कमी उंचीच्या रायडरचे पाय आधीही पुरत नव्हते आणि आताही पुरत नाहीत. ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे. आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल दिला तर क्रूझ कंट्रोल (मूठ न धरता वेग कायम ठेवणारी सोय) का नाही, हा प्रश्न तर अगदी रास्त. केबल काढण्याचा सगळ्यात उघड फायदा लांब हायवेवर मिळाला असता, तोच दिला नाही. फक्त इलेक्ट्रॉनिक्स जास्त झालं आणि इलेक्ट्रॉनिक्स कमी दिलं, या दोन्ही तक्रारी एकाच श्वासात करता येत नाहीत.

ज्यांच्याकडे जुनी टेनेरे आहे आणि ती नीट चालते आहे, त्यांनी ती विकायचं काहीही कारण नाही. वजन कमी असेल, एकटेच फिरत असाल, तर तुम्हाला बहुधा फरकही जाणवणार नाही. वजन जास्त असेल किंवा मागे माणूस आणि सामान असेल, तर फोर्कचे स्प्रिंग आपल्या वजनाचे बसवून घ्या. वेगळा एक्झॉस्ट, लाइट, स्टिकर या सगळ्यांच्या आधी. मित्राच्या गाडीसाठी सध्या आम्ही तेच शोधतो आहोत. तोवर त्याला मी पेट्यांतलं सामान निम्मं करायला आणि पुढच्या ब्रेकवर एकदम न जाता आधी हलका दाब देऊन मग वाढवायला सांगितलं आहे.