‘फार्फुक्ल’च्या मुळाविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

आइसलँडिक भाषेत स्थलांतरित पक्ष्यांना ‘फार्फुक्ल’ हा जो शब्द आहे, त्यावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. “दोन शब्दकोश चाळून व्युत्पत्ती सांगत सुटणाऱ्यांपैकी आपण एक, हा शब्द म्हणजे जर्मनचे शब्दशः भाषांतर आहे,” असे आपण लिहिता. मतभेदाला हरकत नाही. पण अनोळखी माणसाला उद्देशून ‘सांगत सुटणाऱ्यांपैकी’ असे लिहिताना आपली लेखणी जराही अडखळली नाही, याचे वाईट वाटले.

एक चूक मान्य आहे. मी ‘फारफुगल’ असे लिहिले होते. उच्चारात शेवटच्या ‘ग्ल’चा ‘क्ल’ होतो, म्हणून ‘फार्फुक्ल’ हवे होते. दुरुस्ती केली आहे.

आता आपले ‘शब्दशः’. स्थलांतरित पक्ष्याला जर्मनमध्ये ‘त्सूगफोगेल’ म्हणतात. त्यातला ‘त्सूग’ ज्या क्रियापदातून आला, त्याचा मूळ अर्थ ओढणे. डॅनिश शब्दही ओढण्याच्याच क्रियापदावरून घडला आहे. आइसलँडिकमध्ये मात्र ‘फारा’ म्हणजे जाणे, ‘फार’ म्हणजे प्रवास किंवा प्रवासासाठी मिळालेली जागा, आणि त्यावरूनच प्रवाशाला ‘फार्थेगी’, सामानाला ‘फारांगुर’ म्हणतात. भाषांतर शब्दशः असते, तर ही ओढ कुठे गेली, ते आपण सांगावे. पक्षी या अर्थाचे ‘फुक्ल’ आणि ‘फोगेल’ एकाच आईची लेकरे आहेत, पण म्हणून एकाने दुसऱ्याकडून उसने घेतले असे ठरत नाही.

शब्दकोशांचे म्हणाल, तर मी आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, चार हिवाळे मासळीच्या कारखान्यात काम केले आहे. पहाटेच्या पाळीला चालत निघालो की एक वयस्क सहकारी गाडी थांबवून काच खाली करी आणि ‘फार’ हवे का, असे विचारी. पिशवी मांडीवर घेऊन मी बसे. मार्चअखेरीस लोवा, म्हणजे सोनेरी ठिपक्यांचा चिखल्या, परतला की हाच माणूस कारखान्याच्या दारात टोपी कानांवरून वर सरकवून त्याची शीळ ऐकत उभा राही आणि मला ‘फार्फुक्ल’ म्हणून दाखवी. त्याच्या तोंडी दोन्ही ‘फार’ एकच होते. हे मी कानांनी ऐकले आहे, शब्दकोश नंतर उघडला.

पहिली लेखी नोंद कोणत्या सालची, असे आपण विचारता, पण तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता. ‘फारा’च्या संस्कृत ‘पार’शी असलेल्या नात्याला आपण ‘ओढाताण’ म्हणता. त्यासाठी ‘पितृ’ आणि आइसलँडिक ‘फाधिर’ (वडील) शेजारी ठेवून पाहावेत, ‘प’चा ‘फ’ कसा होतो ते दिसेल. पुन्हा लिहिणार असाल तर शब्दाविषयी लिहावे, माझ्या वाचनाची मोजदाद करू नये.