सही माझी, काम कुणाचं?

मी विमानांच्या देखभालीचा लायसन्सवाला इंजिनिअर. काल रात्री पावणेदोनला इंदूर विमानतळावर एका एअरबसचं मेन व्हील बदलायचं होतं. पहिलं उड्डाण सकाळी सहाचं. मदतीला ठेकेदाराचा 22 वर्षांचा पोरगा होता. दिवसपाळी संपल्यावर त्याला तसाच रात्रीसाठी थांबवलेला, डोळे लालभडक. हातातल्या टॉर्क रेंचवरचं (नट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) कॅलिब्रेशनचं, म्हणजे अचूकता तपासल्याचं, लेबल पाहिलं, तर तारीख उलटून गेलेली!

ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विमानाचं चाक म्हणजे स्कूटरची स्टेपनी नव्हे. चाक फिरवत नट आवळायचा, मग सैल करायचा, मग पुन्हा फिरवत ठरलेल्या टॉर्कवर आणायचा. यात चूक झाली तर बेअरिंग जळतं आणि चाक निखळूही शकतं. हे त्या पोराला कुणी धड शिकवलेलंच नाही. त्याचा काय दोष? तो गेल्याच महिन्यात आला, पुढच्या महिन्यात ठेकेदार त्याला दुसऱ्या शहरात पाठवेल.

मी काम थांबवलं आणि युनियनच्या सेक्रेटरीला फोन लावला. उत्तर काय मिळालं? "अरे, आत्ता करून टाक ना सही, सकाळी बोलू मॅनेजमेंटशी."

सकाळी? सीआरएसवर, म्हणजे विमान उडायला योग्य असल्याच्या दाखल्यावर, सही माझी, लायसन्स नंबर माझा. उद्या काही झालं तर डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था, मला विचारणार, ठेकेदाराला नाही आणि सेक्रेटरीला तर नाहीच नाही. दुसरा रेंच येईपर्यंत मी नटाला हात लावू दिला नाही. विमान 40 मिनिटं उशिरा सुटलं आणि आता मलाच लेखी खुलासा मागितलाय.

युनियनवाल्यांनो, दर महिन्याला पगारातून वर्गणी कापून घेता ना? नवरात्रात बिजासन देवीच्या मंदिराच्या वाटेवर तुमच्या फोटोंचे बॅनर लावायला पैसे असतात. मग रात्रपाळीला एकदा तरी येऊन बघा. पाच वर्षांत एकही पदाधिकारी रात्री इकडे फिरकलेला नाही. कायमची माणसं निवृत्त होत गेली, प्रत्येक जागा ठेक्यावर गेली, आणि तुम्ही दर वेळी "निवेदन दिलंय" म्हणालात. ठेक्यावरच्या पोरांना तर सभासदच करून घेत नाही. त्यांच्या बाजूने कोण बोलणार, त्यांचा ठेकेदार?

2020 मध्ये विमान दुरुस्तीवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आणला, तेव्हा सगळे म्हणत होते की परदेशात जाणारं काम देशात येईल, आपल्या पोरांना नोकऱ्या मिळतील. आमच्याकडे काय आलं? ठेका. मोठा चेक, म्हणजे सखोल तपासणी, बाहेरून करून आलेल्या विमानाचं पॅनेल उघडलं, तर दोन स्क्रू गायब आणि आत कुणाचा तरी टॉर्च विसरलेला. कागदावर मात्र सगळं चोख. तो टॉर्च मी सेक्रेटरीच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि चहा मागवला.

आज रात्री दोन विमानं मुक्कामाला आहेत. ठेकेदाराचा पोरगा एकच येणार, तोच कालचा.