प्रश्न पिंजऱ्याबाहेरच्या माशांचाही आहे

समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवल्या जाणाऱ्या सामन (सॅल्मन) माशांना लागणाऱ्या समुद्री उवांवरचा लेख वाचला. या उवा माणसाला अपाय करत नाहीत, हे लेखात सांगितलंय ते बरोबरच. पण खरी झळ बसते माशांना, आणि त्यांच्या वाट्याला लेखात दोनच ओळी आल्या याचं वाईट वाटलं.

या उवा म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या गणगोतातले कोपेपॉड. सामन माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर, कातडी आणि रक्त यांवर त्या जगतात. जखमा वाढल्या की माशाच्या शरीरातलं मीठ-पाण्याचं संतुलन ढासळतं, जंतूंनाही वाट मिळते. मोठा मासा थोड्याफार उवा सोसतो. वसंतात नदीतून पहिल्यांदाच समुद्रात उतरणारं पिल्लू मात्र मोजक्या उवांनीही दगावू शकतं. पिंजऱ्यांत हजारो मासे दाटीनं वाढवले की तिथल्या उवांची पिलावळ प्रवाहाबरोबर वाहत या जंगली पिल्लांपर्यंत पोहोचते. म्हणून तर नॉर्वेत दर माशामागे सरासरी ०.५ प्रौढ मादी उवा ही मर्यादा आहे आणि वसंतात ती ०.२ वर आणतात.

औषधांचं म्हणाल, तर एमामेक्टिन बेंझोएटला उवा आता बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत. कोमट पाण्यातून मासे काढले की उवा गळतात, पण मासे अक्षरशः तडफडतात. उवा टिपणारे लम्पफिश आणि रॅस हे मासे पिंजऱ्यात सोडणं हा 'नैसर्गिक उपाय' लेखकाने कौतुकानं मांडलाय. ते मला पटत नाही. हे मासेही तिथे मोठ्या संख्येनं मरतात. त्यांची मोजदाद उपायाच्या खर्चात धरायलाच हवी.