बाहेर कसं पडायचं ते आधी सांगा

धंदा काय करता असं कोणी विचारलं की मी सांगतो, लोकांना कोंडून ठेवतो. तासाभरासाठी, पैसे घेऊन, आणि ते हसत हसत येतात. एस्केप रूम म्हणतात त्याला, आतली कोडी सोडवायची आणि बाहेर पडायचं. २००७ साली जपानात क्योटोमध्ये ताकाओ काटो नावाच्या माणसाने हा खेळ पहिल्यांदा मांडला असं मानतात, तिथून तो जगभर पसरला आणि पसरता पसरता माझ्या डोक्यात शिरला, मग मी चांगली नोकरी सोडून एक जुनं गोदाम भाड्याने घेतलं आणि त्यात थर्माकोलचा राजवाडा बांधला. खाली तळघर, तळघरात तुरुंग, तुरुंगात एक पगारी भूत.

मला वाटलेलं, अवघड काम म्हणजे कोडी तयार करणं. कसलं काय. अवघड काम होतं परवानगीच्या फॉर्ममधला सहावा रकाना, 'जागेचा प्रस्तावित वापर'. पर्याय दिलेले: निवासी, कार्यालय, दुकान, गोदाम, उपाहारगृह, नाट्यगृह, व्यायामशाळा, आणि सगळ्यात खाली 'इतर (स्पष्ट करा)', ज्याच्यापुढे दीड इंच जागा. मी लिहिलं 'कोडी सोडवणे'. फॉर्म परत आला, वर पेन्सिलने लिहिलेलं, 'शिकवणी वर्ग?' मग मी म्हटलं आता खरं काय ते लिहूनच टाकू, आणि लिहिलं 'लोकांना खोलीत बंद करणे'. यावर थेट फोन आला.

"ते स्वतःच्या मर्जीने येतात का?" झोनिंगच्या, म्हणजे कुठली जागा कशासाठी वापरायची ते बघणाऱ्या खात्याच्या मॅडम.

"हो मॅडम, ऑनलाइन बुकिंग करून."

"आणि बाहेर नाही पडता आलं तर?"

"तर हरतात."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग मॅडम म्हणाल्या, "मी येऊन बघते."

आल्या. त्यांना कोड्यांशी, राजवाड्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांनी आधी बाहेर उभं राहून गाड्या किती लागतील ते मोजलं, मग माझ्या बोर्डाची लांबी-रुंदी, मग आवाज मोजायचं यंत्र काढलं आणि म्हणाल्या, नेहमी जेवढा आवाज होतो तेवढा करून दाखवा. सकाळी अकराला, रिकाम्या तळघरात, मेकअप न केलेल्या आमच्या भुताला "हं, किंचाळ" असं सांगणं आणि त्याने "साधं की शेवटचं?" असं विचारणं, हे मी आयुष्यात विसरणार नाही. (शेवटचं जास्त मोठं असतं. मॅडमनी दोन्ही मोजली.)

मला राग यायचा की इमारत तीच, भिंती त्याच, काल गोदाम होतं तेव्हा कोणी फिरकलं नाही आणि आज माझ्यामागे एवढा ससेमिरा का. मॅडमनी एका वाक्यात गप्प केलं. म्हणाल्या, "गोदामात खोकी असतात, खोक्यांना पळावं लागत नाही." मुद्दा बिनतोड होता. वापर बदलला की सगळंच बदलतं, दारं किती, टॉयलेट किती, पार्किंग किती, जिन्याची रुंदी किती. एकदा 'मनोरंजन' हा शिक्का बसला की तुमची जागा 'माणसं जमण्याची जागा' होते आणि मग नियम थिएटरच्या वळणाने जातात. या झोनिंग प्रकाराची पाळंमुळं मी त्या रात्री चिडून शोधली, तर सापडलं न्यूयॉर्क, १९१६ साली अख्ख्या शहरासाठी असे नियम करणारं अमेरिकेतलं पहिलं शहर, एक कारण काय तर उंच इमारतींच्या सावल्या रस्त्यांवर पडायला लागल्या. त्यांच्या सावल्या, माझा सहावा रकाना.

पण झोनिंग म्हणजे नुसती पूर्वपरीक्षा होती. खरी परीक्षा फायरवाल्या साहेबांनी घेतली.

साहेब शांत माणूस. हातात टॉर्च आणि क्लिपबोर्ड. आल्या आल्या विचारलं, "एक्स्टिंग्विशर कुठे आहे?" आता आग विझवायचा लालभडक सिलिंडर आमच्या राजवाड्यात शोभत नव्हता म्हणून आम्ही तो पुस्तकांच्या कपाटामागे ठेवलेला. मी जरा अभिमानानेच सांगितलं, "तिसरं पुस्तक ओढलं की कपाट फिरतं."

साहेबांनी पेन थांबवलं. "आग लागल्यावर, तिसरं की चौथं, हे लक्षात राहील?"

त्यांनी तिसरं ओढलं. फिरलं नाही. चौथं होतं.

आतून सिलिंडर निघाला तर गेजचा काटा हिरव्याच्या खाली आणि टॅगवर शेवटची नोंद आधीच्या मालकाच्या काळातली. पावडरवाला, एबीसी म्हणजे बहुतेक नेहमीच्या आगींना चालणाऱ्या प्रकारचा होता, त्यावर साहेब म्हणाले इलेक्ट्रिक पॅनेलजवळ सीओटूचाही लावा, पावडरने आग विझेल पण तुमचं पॅनेलही कामातून जाईल. मग दगडी भिंतीपाशी गेले. अंगठ्याच्या नखाने दगड खरवडला. नखाखाली एक पांढरा शुभ्र दाणा अडकला, तो त्यांनी टॉर्चच्या उजेडात धरला, आधी त्याच्याकडे बघितलं मग माझ्याकडे. काही बोलले नाहीत. थर्माकोल पेटला की वितळून थेंब थेंब खाली पडतो आणि तो थेंबही जळत असतो, हे मला नंतर कळलं. त्यांना आधीपासूनच माहीत होतं, ते त्या बघण्यातच होतं.

पुढे क्षमता. टेबलं-खुर्च्या असल्या तर माणशी साधारण दीड चौरस मीटर, नुसत्या खुर्च्यांच्या रांगा असतील तर त्याच्या निम्म्याहून कमी, असा तो हिशोब, आणि त्यावरून दारं किती रुंद ते ठरतं. भागाकार होऊन तुरुंगाला आठ आले. मी विचारलं, "आणि भूत? ते माणसात धरायचं का?"

"पगार घेतं का?"

"घेतं."

"मग धरायचं."

म्हणजे सात गिऱ्हाईकं आणि एक भूत. हा निकाल मी फ्रेम करून लावणार होतो, पण फ्रेमही लाकडी नको म्हणाले असते.

आणि मग आला तो प्रसंग. आमच्या दारांना मॅग्नेटिक लॉक होते, बारा व्होल्टवाले. त्यांचा गुण असा की वीज गेली की चुंबक सुटतं आणि दार आपोआप मोकळं होतं, हे साहेबांना माहीत होतं, पण त्यांना ते बघायचं होतं. ते तुरुंगात उभे राहिले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, मेन बंद करा. मी बंद केलं. पहिलं दार उघडलं, दुसरं उघडलं, मी टाळी वाजवणार इतक्यात आठवलं की तुरुंगाला मॅग्नेटिक नव्हतंच, खऱ्या तुरुंगाचा फील यावा म्हणून मी जुन्या बाजारातून हौसेने लोखंडी कुलूप आणलेलं, जे दार लागलं की खटकन बसतं. आत मिट्ट काळोख, कारण इमर्जन्सी लाइटची बॅटरी मेली होती. इंटरकॉमही विजेवर. जादा किल्ली पार्टनरच्या खिशात आणि पार्टनर शहराच्या दुसऱ्या टोकाला.

"दार उघडा," आतून आवाज. अगदी शांत.

मेन परत चालू करावं एवढं साधंही त्या क्षणी सुचलं नाही. मी दाराला तोंड लावून ओरडलो, "साहेब, घाबरू नका! राजाच्या चित्राचे डोळे ज्या भिंतीकडे बघतायत तिथे..."

"मला कोडं नकोय."

"एक हिंट देऊ का?"

यावर जी शांतता पसरली ती मॅडमच्या यंत्रानेही मोजता आली नसती. शेवटी टॉर्चच्या उजेडात साहेबांनीच चित्र बघितलं, वीट सरकवली, डबी काढली, किल्ली काढली आणि गजातून हात घालून कुलूप उघडलं. चार मिनिटं. खरं सांगतो, एरवी त्या खोलीला लोकांना वीस लागतात, पण हे बोलायची ती वेळ नव्हती. रिपोर्टमध्ये त्यांनी एवढंच लिहिलं: 'तपासणी अधिकारी आत अडकले, ४ मिनिटे.'

मी रात्रभर फणफणत होतो. मग शोधताना पोलंडची बातमी सापडली. ४ जानेवारी २०१९, कोशालिन शहर, वाढदिवसाला एस्केप रूममध्ये गेलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली, आग लागली, बाहेर पडता आलं नाही, पाचही गेल्या. त्यानंतर तिथे देशभरातल्या एस्केप रूम तपासल्या गेल्या. मी लॅपटॉप मिटला आणि खाली जाऊन ते लोखंडी कुलूप काढून टाकलं, रात्री दीड वाजता. ते निघेना, तर पाना घेऊन तोडलं.

पुढचे दोन महिने मी स्वतःच्या राजवाड्याची वाट लावली. थर्माकोल गेला. दारं बाहेरच्या बाजूला उघडायला लागली, कारण गर्दी ढकलते तेव्हा आत उघडणारं दार ओढायला जागाच उरत नाही. प्रत्येक दाराजवळ हिरवं बटण, दाबलं की लॉक सुटणार. दारावर तो पळणारा हिरवा माणूस, युकिओ ओटा या जपानी डिझायनरच्या हातचा, १९८५ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने जगासाठी मान्य केलेला. खेळही जपानचा आणि त्यातून पळणाराही जपानचाच, म्हटलं घरचंच माणूस. साहेब परत आले, सगळं बघितलं, मेन बंद करून दोनदा आत-बाहेर केलं, सही केली. जाताना दारात थांबून म्हणाले, "त्या डबीत किल्लीखाली एक चिठ्ठी होती. तिचा काय संबंध?" मी सांगितलं नाही. बुकिंगची लिंक पाठवली.

आता सगळं कायदेशीर आहे, एकच भानगड झालीय. लोक कोडी सोडवायला येतात, त्यामुळे त्यांना दिसेल ते कोडंच वाटतं. पहिल्याच आठवड्यात एका कुटुंबाने अकरा मिनिटं एक्स्टिंग्विशरवर घालवली, टॅगवरची तारीख कुलपात टाकून बघितली, उलटीकडूनही टाकली. एका पोराने हिरवा माणूस कुठल्या दिशेला पळतोय ते बघून सगळ्या टीमला त्या भिंतीवर टकटक करायला लावलं. म्हणून मी लाल स्टिकर छापून घेतले, 'हा खेळाचा भाग नाही', आणि एक्स्टिंग्विशर, बटण, लाइट, पॅनेल, सगळ्यावर चिकटवले. परवाच्या ग्रुपने ते स्टिकर मोजले. सात भरले. कुलूप चार आकडी, त्यांनी ०००७ टाकलं, उघडलं नाही, तर कॅमेऱ्याकडे बघून मला म्हणतात, तुमचा एक स्टिकर पडलाय वाटतं.


मी जाऊन बघितलं. खरंच पडला होता.