पॉवर बटण बिघडले? मग नवा संगणकच घ्या

कॅबिनेटवरचे पॉवर बटण दाबूनही संगणक ढिम्म हलला नाही, तर बटणावर संशय घेण्याचा हलकेपणा करू नये. बटण ही फार क्षुल्लक वस्तू आहे. जाणत्या माणसाने संशय नेहमी महागड्या वस्तूंवर घ्यावा. माझा संगणक नुकताच असा बंद पडला, तेव्हा ज्या तंत्रज्ञाकडे मी तो नेला, त्याने झाकणाचा स्क्रूसुद्धा न काढता ‘एसएमपीएस गेला’ (म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा गेला) असे निदान केले, आणि नवा एसएमपीएस बसवूनही पंखा फिरेना, तेव्हा तितक्याच शांतपणे ‘म्हणजे मदरबोर्ड गेला’ असे सांगितले. आपणही हाच क्रम पाळावा. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिला जोडलेले असतात ती मुख्य पाटी, बदलला की त्याला जुळणारा प्रोसेसर आणि रॅम घेण्याची संधी बहुधा चालून येतेच.

रॅम काढून खोडरबराने घासायला विसरू नये. तिचा या दुखण्याशी काडीचाही संबंध नसला, तरी काहीतरी केल्याचे समाधान मिळते.

बटण आणखी जोरात दाबून पाहावे.

कधी कधी संगणक सुरू होतो आणि चारेक सेकंदांत आपोआप बंद पडतो. अशा वेळी बटण आत रुतून बसले आहे का, हे बोटाने चाचपून पाहू नये. बटण सलग चार सेकंद दाबून धरले की संगणक सक्तीने बंद व्हावा, अशी सोय त्यात मुद्दाम केलेली असते. साहजिकच रुतलेले बटण म्हणजे कोणीतरी ते दाबूनच धरले आहे, असे मदरबोर्डला वाटते. पण इतके साधे कारण सांगून तंत्रज्ञाचा मान कसा राहील? ‘प्रोसेसर तापतोय’ हे निदान कानाला कितीतरी भारदस्त लागते.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नये. मदरबोर्डच्या कडेला पिनांचा एक लहानसा गट असतो आणि कॅबिनेटच्या बटणापासून निघालेल्या दोन बारीक तारा तिथे जोडलेल्या असतात. कोणत्या पिना बटणाच्या, हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत पाहून, तो कनेक्टर उपसून, त्या दोनच पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवू नये. कारण तसे करताच संगणक सुरू झाला, तर दोष बटणात किंवा त्याच्या तारांत आहे हे मिनिटभरात सिद्ध होते आणि पुढची सगळी खरेदी रद्द करावी लागते. मग रीसेट बटणाचा कनेक्टर काढून त्या पिनांवर बसवला की तेच बटण पॉवरचे काम करू लागते. तारा उलटसुलट लागल्या तरीही बिघडत नाही, कारण उलटसुलटीचा प्रश्न दिव्यांच्या तारांना असतो, बटणाच्या नव्हे. म्हणजे एक पैसाही खर्च न होता संगणक दुरुस्त! हे कोणाला परवडणार आहे?

आता कॅबिनेट बनवणाऱ्यांकडे वळू. पूर्वीच्या अनेक संगणकांत मुख्य वीज पुढच्या बटणातूनच जात असे, त्यामुळे ते बटण दणकट असणे भाग होते. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याची नवी रचना आणली आणि बटणाचे काम ‘सुरू हो’ एवढा इशारा मदरबोर्डला देण्यापुरते उरले. फार तर पाच व्होल्टचा तो इशारा. त्यासाठी लागतो एक साधा दाबस्विच, दाबला की दोन तारा जुळणारा आणि सोडला की सुटणारा. ही सोय झाल्याबरोबर उत्पादकांनी तो स्विच अगदी टाकाऊ प्रतीचा बसवायला सुरुवात केली. समोर काच, तीन बाजूंना रंग बदलणारे दिवे, दिव्यांना वेगळा रिमोट, आणि ज्या एका गोष्टीला रोज बोट लागणार तिची दांडी प्लॅस्टिकच्या नखाएवढ्या पट्टीवर तोललेली! बरे, स्विच बदलावा म्हटले तर तो गरम गोंदाने चिकटवलेला. पुढचे पॅनेल ओढून काढावे तर त्याच्या खुंट्या पहिल्याच वेळी तुटतात. सुटा स्विच मागितला तर कंपनीचे उत्तर येते की तो स्वतंत्र मिळत नाही, अख्खे कॅबिनेट घ्या. दोन तारांच्या एका स्विचसाठी पत्र्याचा आख्खा डबा!

हे चेष्टेवारी नेण्यासारखे राहिलेले नाही. ज्याला त्या दोन पिना जोडून पाहण्याचे सुचत नाही, त्याने गिऱ्हाइकाचा एसएमपीएस बदलायला हात लावू नये. आणि सुचत असूनही जो तसे करत नाही, तो दुरुस्ती करत नाही, सरळ लुबाडतो. पिना जोडूनही संगणक सुरू झाला नाही, तर खुशाल पुढचा तपास करा, एसएमपीएस तपासा, मदरबोर्ड तपासा, त्याचे पैसे घ्या. पण आधी ती मिनिटभराची तपासणी गिऱ्हाइकासमोर करा. आणि कॅबिनेटवाल्यांनो, दिव्यांची एक पट्टी कमी लावा, स्विच दोन स्क्रूंनी बसवा आणि तो सुटा विकायला ठेवा.