ऑगस्टमध्ये आईवडिलांना रोमला नेऊ नका

आज सकाळी इथल्या, जर्मनीतल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर एका मैत्रिणीने विचारलं, "सासू-सासरे जुलैत येणार आहेत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रोम, फ्लॉरेन्स आणि अथेन्स करावं का?" तासाभरात ढीगभर उत्तरं आली. टोपी घाला. सनस्क्रीन लावा. आणि सगळ्यात जास्त बदाम कुठल्या उत्तराला? "आपण भारतीय, आपल्याला उन्हाचं काय कौतुक!"

मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. तिथे भांडण झालं असतं. म्हणून इथे लिहितेय.

माझ्या सासूबाई अकोल्याच्या. गेल्या वर्षी दिरांनी सगळ्यांची जुलैतली रोमची सहल आखली. "आई, ऊन फार असतं हो तिथे," असं मी फोनवर म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "आमी अकोल्याचे. आमाले ऊन नोको सांगू." विषय संपला.

पण अकोल्याचा माणूस मे महिन्यात जगतो कसा, ते आठवा ना. सकाळी आठच्या आत भाजीबाजार. अकरानंतर पडदे ओढलेले, कूलर सुरू, पन्हं, झोप. बाहेर जावंच लागलं तर डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. पंचेचाळीस अंशांत अकोल्याचा माणूस घरात असतो. रोममध्ये छत्तीस अंशांत तोच माणूस रांगेत उभा असतो, कारण तिकिटावर वेळ छापलेली आहे.

आणि ती वेळसुद्धा फसवी. आपल्याकडे चार वाजले की चहा घेऊन माणसं बाहेर पडतात. इथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात. रोममध्ये सूर्य डोक्यावर येतो सव्वा वाजता, स्पेनमधल्या सेव्हियात तर जवळजवळ अडीचला. म्हणजे खरं भाजणारं ऊन चार-पाचचं, सेव्हियात सहाचं. दिरांनी कोलोसियमचं तिकीट मुद्दाम साडेतीनचं काढलं होतं, ऊन उतरेल म्हणून. पाचच्या सुमारास आम्ही शेजारच्या रोमन फोरममध्ये होतो. दोन हजार वर्षांपूर्वीचे दगड, खाली दगड, वर आभाळ, सावलीला मोजकी झाडं.

सासूबाई बोलेनाशा झाल्या. आम्हाला वाटलं, दमल्या. मग एका दगडावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "दूध तापवलं का गं?"

मी अजून ते वाक्य विसरलेले नाही. कपाळाला हात लावला तर चटका बसला, आणि घाम नाही. उष्माघात. तिथल्या एका कर्मचारी बाईने धावत येऊन पाण्याच्या बाटल्या त्यांच्या मानेवर ओतल्या, तिनेच ११२ ला फोन केला. रात्रभर सलाईन. वाचल्या.

नंतर कळलं, त्यांनी सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, फुकट, गार पाणी. पण प्यायलं की संडास शोधायचा, तो सापडत नाही, सापडला तर पैसे मागतात, आणि सुनेला परत परत काय सांगायचं! वर बीपीची गोळी, तीसुद्धा लघवी वाढवणारी. "पाण्याची बाटली ठेवा" म्हणणाऱ्यांनी कधी सत्तरीच्या बाईबरोबर दिवसभर फिरून बघितलंय का?

राग येतो तो याचाच. जून २०२४ मध्ये ग्रीसच्या सिमी बेटावर ब्रिटनचे टीव्हीवरचे प्रसिद्ध डॉक्टर मायकेल मोस्ली भर दुपारी पायी निघाले आणि परत आलेच नाहीत. स्वतः डॉक्टर, वय ६७. ज्या अ‍ॅक्रोपोलिससाठी, टेकडीवरच्या त्या प्राचीन देवळांसाठी, तुम्ही अथेन्सला निघालात, ते उष्णतेच्या लाटेत तिथलं सरकारच दुपारी बंद ठेवतं. २०२३, २०२४, २०२५, तिन्ही उन्हाळ्यांत ठेवलं. इटलीच्या सिसिली बेटावर ११ ऑगस्ट २०२१ ला ४८.८ अंश नोंदले गेले. सिसिलीत, युरोपात! २०२५ च्या उन्हाळ्यात रोमच्या परिसरात उन्हातली कामं दुपारी साडेबारा ते चार बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. मजुरांना उन्हातून उठवतात आणि आपण पैसे मोजून आपल्या म्हाताऱ्यांना तिथे उभं करतो.

"तिथले लोक राहतातच की." राहतात. दुपारी दुकानं आणि खिडक्यांच्या झडपा बंद करून राहतात, आणि १५ ऑगस्टच्या आसपास अर्धं रोम समुद्रावर किंवा डोंगरात गेलेलं असतं.

शाळेचं मान्य. जर्मनीत मुलांची शाळा सहलीसाठी बुडवता येत नाही, दंड होतो. पण आमच्या राज्यात ऑक्टोबरमध्ये दोन आठवडे सुट्टी असते. आईवडिलांचा व्हिसा नव्वद दिवसांचा. जुलैऐवजी ऑगस्टच्या शेवटी बोलवा, ऑक्टोबरात रोम दाखवा. पोरांना ऑगस्टमध्ये समुद्रावर न्यायचं तर न्या, पोरं पाण्यात राहतात, त्याला माझं काही म्हणणं नाही.

दिरांवर माझा राग नाही, खरंच नाही. सासरे गेल्यावर आई घराबाहेर पडेना, तिला एकदा जग दाखवावं म्हणून या मुलाने वर्षभर पैसे साठवले होते. त्या दवाखान्यात तो रात्रभर आईच्या पायाशी बसून होता.

सकाळी सासूबाई शुद्धीवर आल्या तेव्हा त्याने विचारलं, "आई, त्रास होत होता तर सांगितलं का नाहीस?" त्या म्हणाल्या, "तिकिटाचे पैसे गेले असते ना तुझे."

तुमची आईही सांगणार नाही. माझीही सांगणार नाही. ती पिढी मुलाच्या पैशांवर फिरताना "मला होत नाही" असं म्हणतच नाही. तुम्ही "दमलीस का?" विचाराल, ती "नाही रे" म्हणेल आणि चालत राहील. त्यांना विचारून ठरवू नका. नकार तुम्हीच द्यायचा, तोही तिकीट काढायच्या आधी.

ग्रुपवरच्या मैत्रिणी, तू हे वाचत असशील तर मला फोन कर. तिकिटं काढली असलीस तरी कर. तारखा बदलायला पैसे लागतील, ते भर. आणि या वर्षी जमतच नसेल तर त्यांना ऑगस्टमध्ये आल्प्सकडे ने. रोम पुढच्या वर्षी.